आश्रुबाचा रुमाल आणि गावाचा रुपया

बीडच्या मोंढ्यात, त्या कापूस-धान्याच्या बाजारात, आश्रुबाला आश्रुबा म्हणणारे थोडेच होते. बाकीच्यांना तो रुमालवाला. डोईचं मुंडासं कसंही गुंडाळलेलं असो, खांद्यावरचा जाडाभरडा लाल रुमाल मात्र चारी कोपरे जुळवून घडी घातलेला असे. त्या रुमालानं त्यानं कधी घाम पुसला नाही, की त्यात भाकर बांधली नाही. दर रविवारी त्याची बायको सत्यभामा खंडोबाला जाताना तो रुमाल ताटात घालून नेई, देवापुढं ठेवी, चिमूटभर भंडारा लावी आणि घरी आणून त्याच्या खांद्यावर टाकी.

"देवाचा हाय त्यो," ती म्हणायची. "तुमी नुस्ती खुंटी."

आश्रुबाला त्यात कमीपणा वाटत नसे. तो मूळचा चकलांब्याचा, धनगराचा. मेंढरांवर रोग पडला, वाडा रिकामा झाला, तेव्हा तो बीडला आला आणि दलालीला लागला. कापूस असो, करडई असो, नाहीतर बैलजोडी, विकणारा आणि घेणारा समोरासमोर बसत, मधे आश्रुबा. तो रुमाल पसरायचा, त्याखाली आधी एकाचा हात धरायचा, मग दुसऱ्याचा. बोटं दाबून भाव सांगायचा, बोटं दाबूनच उलटा भाव यायचा. वर तोंडानं मात्र पाऊसपाणी, पोरीचं लग्न, गुडघेदुखी असल्या गप्पा चालायच्या. भोवती शंभर माणूस उभं असलं तरी सौदा तिघांतच राहायचा. पटला तर माल गाडीतून उतरायचा, नाही पटला तर राम राम. पण पटो न पटो, रुमालाखाली जे हाताला लागलं ते तोंडावर आणायचं नाही, हा धंद्याचा धर्म. एकदा एका दलालानं दारूच्या नशेत असला भाव बोलून दाखवला होता. त्याला कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही. फक्त दुसऱ्या दिवशीपासून त्याच्या रुमालाखाली हात येईना. शेवटी तो गाव सोडून गेला.

तर अशा या माणसाच्या मागं गावाचा रुपया लागला.

मोंढ्यात सगळ्यांत मोठी अडत बद्रीनाथ शेटजींची. त्यांनी एके दिवशी दुपारी सगळ्या दुकानदारांना पेढीवर बोलावलं. आश्रुबाही दाराशी जाऊन बसला.

"बाजारपट्टी आपण देतो, दिवापट्टी आपण देतो," शेटजी लोडाला टेकून म्हणाले. "नाक्यावर गाडीमागं घेतात ते निराळंच. जातं कुठं सगळं? सरकारी खजिन्यात. आन नदीच्या उताराला चार दगड टाकायचे म्हणलं की अर्जी तालुकदाराकडं, तिथून औरंगाबादला. मंजुरी येस्तोवर..."

"उतारच गेला वाहून!" कापडवाला पंडित मधेच म्हणाला, आणि पेढी हसली. खोटं नव्हतं. बिंदुसरा नदीत उतरणाऱ्या गाडीवाटेला दगडांची मंजुरी आली, तेव्हा ती वाट पुरानं नेऊन दुसरा हंगाम चालू होता.

"म्हणून मी तालुकदारसायबाला भेटलो," शेटजी म्हणाले. "म्हणलं, आमच्या गावाचा पैका आमच्या पंचांच्या हातानं खर्चू द्या. सायेब भला माणूस. म्हणला, मी वर लिहितो. पण एकट्या बद्रीनाथच्या तोंडानं न्हाई. सगळा बाजार काय म्हणतो ते पायजे. रुपयातले किती आणे गावानं सोता खर्चायचे आन किती खजिन्याकडं ठेवायचे, हे बाजारानं सांगावं. येत्या बाजाराला सायेब मोंढ्यात येनार हायती."

जो तो गालिच्याच्या झालरीकडं बघू लागला. जास्त आणे म्हणावं, तर सरकारच्या माणसांच्या डोळ्यावर यायचं. कमी म्हणावं, तर शेटजी पुढ्यातच बसलेले. कुणी खोकलं, कुणी पानाचा देठ खुडला.

"शेटजी," पंडित म्हणाला, "तोंडं उघडंना झालीत. आश्रुबाचा रुमाल फिरवा की."

त्यानं ते थट्टेनं म्हटलं होतं. पण बसलेल्यांच्या अंगात एकदम जीव आल्यासारखं झालं. "लई बेस!" "असंच करा!" एक बोट धरलं तर एक आणा, जास्त हवे तर तितक्यांदा बोटं धरायची, मनगट धरलं तर पुरा रुपया, आणि मूठ मिटून ठेवली तर काहीच नाही, असंही तिथंच ठरून गेलं. सगळ्यांचे हात धरायचे, मेळ घालायचा आणि आश्रुबानं साहेबापुढं बाजाराचा एक आकडा सांगायचा.

आश्रुबा दाराशीच उभा राहिला. "शेटजी, पर माल कंचा?"

"माल?"

"रुमालाखाली भाव लागतो. भाव लागतो मालाचा. हितं माल कंचा हाय? इकनारा कोन, घेनारा कोन?"

"पैका रे, गावाचा पैका!"

"गावाचाच हाय, तर गावानं मागायचा कुनाला? शेळी आपली, दूध आपलं, आन चरवी आनायला औरंगाबादला जायचं म्हंता?"

"बघा, कळतंय की त्याला!" शेटजी म्हणाले. "आता जास्ती डोकं लावू नको बे. हात धर आन ये."

पेढी खदाखदा हसली. त्या हशात आश्रुबाही हसला आणि हसता हसता त्यानं मान हलवली. ती मान हलली ती होकाराची धरली गेली. आपण काय कबूल केलं हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा तो पेढीच्या पायऱ्या उतरून रस्त्यावर आला होता. हात धरायचे हे ठीक. पण सभेत आकडा सांगायचा? म्हणजे रुमालाखालचं तोंडावर आणायचं? परत वर जाऊन नाही म्हणावं, तर पहिला हात द्यायला शेटजीच खाली येत होते.

शेटजींनी हात दिला. हात रुमालाखाली होता तेवढा वेळ ते मोठ्यानं बोलत राहिले, रस्त्यानं जाणाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. गावाचा मान, गावाचा हक्क, गावाचा उतार. आश्रुबानं त्यांच्या तोंडाकडं बघितलं, मग रुमालाकडं.

"शेटजी, पुन्यांदा?"

बाजारात बोट निसटलं तरच असं विचारतात. शेटजींनी पुन्हा हात दिला. पुन्हा तेच.

मग तो पंडिताच्या दुकानी गेला. पंडित कापडाचं थान फाडता फाडता कडाकडा बोलत होता. "आश्रुबा, म्या खरं सांगू का? आज खजिना सरकारचा हाय, म्हणून शेटजीचा हात तिथवर पोचत न्हाई. उद्या गावाचा झाला की पंच कोन? शेटजी. शेटजीचा मेव्हना. शेटजीचा मुनीम. आपल्याला कशापायी पायजे ही नसती उठाठेव?" असं म्हणत त्यानं रुमालाखाली हात घातला. आश्रुबा चपापला.

"पुन्यांदा द्या, पंडितशेट."

"हाताला भैरा झालास काय बे?" पंडित खेकसला, पण हात पुन्हा दिला. पुन्हा तेच.

कुणी काय दाबलं ते इथं येणार नाही, कारण आश्रुबानं ते मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. एवढंच त्याच्या तोंडून एकदा निघून गेलं, की त्या बाजारात तोंडं एकीकडं चालली होती आणि हात दुसरीकडं. मालाच्या सौद्यात हेच चालतं. तिथं तोंड गुडघेदुखीचं बोलतं, हात भावाचं. पण इथं तोंडही भावाचंच बोलत होतं, आणि दोन्ही जुळत नव्हती. जो पेटून बोलत होता तो वेगळंच दाबत होता, जो शिव्या देत होता तो भलतंच. खरं कोणतं धरावं? माणूस हातानं खोटं बोलत नाही, असं त्याला बापानं शिकवलं होतं. तोंडानं सगळा बाजार खोटं बोलतो, असं मात्र कुणी शिकवलं नव्हतं.

शेवटी तो छबुबाईच्या दुकानापुढं येऊन घुटमळला. छबुबाई तेलीण, नवऱ्यामागं दुकान तिनंच चालवलेलं. बाजारातल्या कंदिलांना तेलही तीच घालायची. बाईच्या हाताला त्याच्या रुमालानं कधी शिवलं नव्हतं.

"काय लेका, नव्या नवरीवानी हुभा हायस?" ती म्हणाली. "आन इकडं रुमाल."

"छबुबाई, बाईमानसाचा हात म्हंजी..."

"तुझ्या खंडोबाला दोन बायका चालत्यात, आन माझा एक हात चालंना व्हय? राहू दे तुझा रुमाल. माझं वरडून सांगते. सोळा आणे!" तिचा आवाज कापडगल्लीपर्यंत गेला असेल. "पुरा रुपया गावाच्या हातात पायजे."

"अवो, हळू! पंडितशेट म्हंतेत, शेटजी खाईल."

"खाईल की. खाल्ला तर शेटजीच्या दारात जाऊन शिव्या तरी देता येतील. औरंगाबादवाल्याला शिव्या द्यायला मला टांग्याचं भाडं कोन देनार?"

आश्रुबाला हे पटलं. पण पंडिताचंही पटलं होतं. आणि शेटजी बोलत होते तेव्हा तेही पटलं होतं. तिन्ही गोष्टी एकाच डोक्यात राहीनात. तो घरी जेवायला बसला तेव्हा त्यानं पाण्यालाच कालवण समजून त्यात भाकरीचा घास बुडवला.

सत्यभामानं पाण्याचा तांब्या बाजूला सरकवला. "काय झालं?"

"अगं, रुमालाचं सांगावं लागतंय. साऱ्या गावाम्होरं."

"मग सांगू नका."

"न सांगून कसं? सायेब म्हनंल, बाजाराला काईच नको. मंजुरी जाईल. उतार तसाच, कंदील तसेच. समदे माझ्या नावानं बोटं मोडतील."

"आन सांगितलं तर?"

"तर उद्यापासून माझ्या रुमालाखाली कोन हात घालंल? खायाचं काय आपन?"

सत्यभामानं त्याच्या ताटात कालवण वाढलं. नवऱ्यानं आपल्याला तरी आकडा सांगावा, असं तिच्या मनात येऊन गेलं असेलही. पण ती म्हणाली, "मला नका सांगू हां. माझ्या पोटात राहनार न्हाई, पानवठ्यावर जाईल. देवाला सांगा. त्यो कुनाला बोलत न्हाई."

सकाळी आंघोळ करून आश्रुबा खंडोबाला गेला. भंडारा उधळला, देवापुढं बसला, इकडंतिकडं बघितलं. कुणी नव्हतं. त्यानं तोंड उघडलं. आवाज फुटेना. देव झाला म्हणून काय झालं, त्याचा हात रुमालाखाली आला नव्हता, मग त्याला दुसऱ्याचा भाव सांगायचा कोणत्या नात्यानं? तो नुसता बसून राहिला. "देवा, मला काई कळंना," एवढंच त्याला म्हणता आलं, आणि तेही खरं तर देवाला न सांगता कळलं असतं.

बाजाराच्या दिवसापर्यंत त्याला मोंढ्यात चालणं अवघड झालं. शेटजींनी पेढीवर बोलावून खडीसाखर पुढं केली. "पंडितानं किती दाबलं रे? नुसतं डोळ्यानं सांग." आश्रुबानं डोळे मिटून घेतले. मग पंडितानं गल्लीत गाठलं. "शेटजीचं काय? मी कुठं बोलतोय, सहज इचारलं." आश्रुबा म्हणाला, "पंडितशेट, तुमचा गुडघा कसा हाय?" पंडित भडकला. त्याचा गुडघा कधी दुखलाच नव्हता.

बाजार भरला. मोंढ्याच्या मोकळ्या जागेत सतरंजी अंथरली होती, तालुकदारसाहेबांना खुर्ची. साहेब हैदराबादेकडचे, उंच, शेरवानी घातलेले, दाढीला मेंदी. तेलगावकडचे कापूसवाले गाड्या सोडून भोवती उभे होते. शेटजींनी उठून भाषण केलं. "पुरा रुपया गावाच्या हातात द्या, सरकार! सगळ्या बाजाराची हीच अरज हाय!" बाजारानं माना डोलावल्या, टाळ्या वाजवल्या. पंडितानंही वाजवल्या. आश्रुबा त्या टाळ्या वाजवणाऱ्या हातांकडं बघत राहिला. ते सगळे हात त्याच्या ओळखीचे होते.

साहेबांनी टाळ्या थांबू दिल्या. "वो रुमालवाला कौन है?"

गर्दीनं आश्रुबाला पुढं ढकललं.

"बोलो. बाजार क्या कहता है? नाम मत लो, बस एक आकडा."

शेटजींचा आकडा सांगावा तर रुमालाशी बेइमानी, रुमालाचा सांगावा तर धंद्याशी. आणि रुमालाचा तरी आकडा एक कुठं होता? घेणाऱ्याचा एक भाव असतो, विकणाऱ्याचा एक. साऱ्या बाजाराचा मिळून एक भाव त्यानं जन्मात ऐकला नव्हता. एका रुमालाखाली दोनच हात असतात. हे सगळे इकडचे हात झाले, मग तिकडचा हात कुणाचा? पेढीच्या दारातला त्याचा सवाल अजून तसाच होता. माल कोणता ते त्याला अजूनही कळलं नव्हतं. पण समोर खुर्चीत बसलेला माणूस घेणारा तरी होता, नाहीतर विकणारा तरी. दोन्हींतलं काहीही असलं तरी त्याला हात होता.

त्यानं खांद्यावरचा रुमाल काढला, पायताण सोडून सतरंजीवर गेला आणि खुर्चीपुढं गुडघे टेकले.

"सरकार, हात द्या."

"क्या?"

"तुमचा हात, सरकार. ह्याच्याखाली. ज्याचं त्यानं येऊन सांगावं. म्या नुस्ता रुमाल धरतो. माझ्या तोंडातून काई यायचं न्हाई."

खुर्चीमागं उभा असलेला साहेबांचा शिरस्तेदार ओरडला, "अबे, होश में आ!" शेटजींनी डोक्याला हात लावला. गर्दीतून एक बारीक किंकाळीसारखी "अगं बाई!" आली, ती सत्यभामाची होती. साहेबांनी रुमालावरचा पिवळा डाग बघितला, आश्रुबाचं कपाळ बघितलं. मग काय त्यांच्या मनात आलं कोण जाणे, त्यांनी अंगठी काढून शिरस्तेदाराकडं दिली आणि शेरवानीची बाही वर सारली.

आश्रुबानं आणे कसे मोजायचे ते त्यांना सगळ्यांच्या देखत मोठ्यानं सांगितलं. बोट म्हंजी आणा. मनगट म्हंजी रुपया. मूठ म्हंजी काई न्हाई. मग त्यानं रुमाल पसरला आणि मान फिरवून नदीकडं तोंड केलं.

रांग लागली. पुढं आले ते शेटजी. दोन दिवस पेढीवरून ऐकू येत होता तो आवाज आता बंद होता. मग पंडित आला. मग एकेक करून बाकीचे. कुणाचं तोंड चालत नव्हतं. साहेब मात्र आपण होऊन विचारत होते, "इस साल कपास कैसी है?" आणि येणारा माणूस गोंधळून, "बरी हाय, सरकार," म्हणत होता. साहेबांना हा रिवाज कुणी सांगितला, की तो त्यांना आपसूक सुचला, कळायला मार्ग नाही. छबुबाई आली तेव्हा साहेबांचा हात मागं सरला. ती म्हणाली, "भिऊ नका, सरकार, तेल न्हाई लागायचं, धुऊन आले." तिनं दाबलं, आणि तरीही जाता जाता मोठ्यानं सोळा आणे म्हणालीच.

आश्रुबा रुमालाचे कोपरे धरून होता. पण दोन हातांमधे त्याचा स्वतःचा हात नव्हता. रुमाल हलताना दिसायचा, आत काय चाललंय ते कळायचं नाही. असं त्याच्या धंद्यात पहिल्यांदाच होत होतं. माणसं पहिल्यासारखंच दाबतायत, का सरकारचा हात बघून बदलतायत? साहेबांना बोटं कळतायत का? त्यानं एकदा चोरून त्यांच्या तोंडाकडं बघितलं. साहेबांच्या भुवया वर गेलेल्या होत्या आणि तशाच राहिल्या होत्या.

शेवटचा हात झाला. साहेब उठले, हात झटकला, अंगठी घातली. "आठ आने," ते म्हणाले. "एक साल. आधा रुपया गाँव का, आधा खज़ाने का. मैं ऊपर लिखता हूँ." आणि टांग्यात बसून गेले.

मग एकदम कालवा झाला. शेटजी लाल होऊन आश्रुबापाशी आले. "पुरा रुपया मिळत होता! तुझ्या ह्या फडक्यापायी आठ आणे गेले!" पंडित दुसऱ्या बाजूनं आला आणि त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "शाबास बे! तुझ्यामुळं आठ आणे आले!" कुणी म्हणालं साहेबानं बेरीज केली, कुणी म्हणालं साहेबाला बोटं कळलीच नाहीत, त्यानं सोईचं अर्धं केलं. आश्रुबानं आपल्या हाताला लागलेलं सगळं मनात मांडून बघितलं. त्यातून आठ काही केल्या निघेनात. पण मांडणी चुकत असेल म्हणून त्यानं परत मांडली, आणि यावेळी दुसरंच काही निघालं. मग त्यानं सोडून दिलं.

वाटेत सत्यभामानं विचारलं, "म्हंजी जिकलो का हारलो आपन?"

"काई कळलं न्हाई बघ."

"सायबाच्या हाताला भंडारा लागला असंल."

"आसंल."

"मग बरंच झालं की," ती म्हणाली आणि पदर सारखा करून झपझप चालू लागली, कारण घरी म्हशीची धार राहिली होती.

पुढच्या बाजाराला आश्रुबा मोंढ्यात आला तो पाय ओढत. शेटजींनी आपल्यावर राग धरलाय हे सगळ्यांना ठाऊक होतं. मोंढ्यात शेटजींचा राग म्हणजे काय ते सांगायला नको. युसूफ वडगावचा एक कापूसवाला गाडी सोडून बसला होता. आश्रुबानं त्याच्यापुढं रुमाल पसरला आणि घेणाऱ्याची वाट बघत बसला. एक अडत्या आला, थांबला, पुढं गेला. दुसरा आला, त्यानं कापूस चिमटीत धरून बघितला आणि तोही गेला. कापूसवाला म्हणाला, "भाऊ, तुमी काई केलं हाय का?"

तेवढ्यात बद्रीनाथ शेटजी पेढीवरून उतरून आले. कापसाचा पुंजका ओढून बघितला. आश्रुबाकडं बघितलं नाही. मग खाली बसले.

"त्या दिवशी," शेटजी नदीकडं बघत म्हणाले, "सायबानं इचारलं असतं, की ह्या बद्रीनाथचं काय म्हननं हाय, तर?"

"म्या सांगितलं असतं, शेटजीचा गुडघा दुखतोय."

शेटजींनी हसू दाबलं, पण ते दबलं नाही. त्यांनी बाही वर केली आणि हात रुमालाखाली घातला.

"माल ओला हाय," ते मोठ्यानं म्हणाले.

आश्रुबानं बोटं चाचपली. भाव कोरड्या मालाचा होता. तो मान खाली घालून कापूसवाल्याच्या हाताकडं वळला.